मातीचा रकाना

माघातली सकाळ होती. सात रस्त्याजवळच्या ऑफिसात मी नुकताच टेबलाशी येऊन बसलो होतो, तेवढ्यात शिपाई सांगत आला, "साहेब, खाली एक सायकलवाला तुम्हालाच भेटायचं म्हणतोय. वर ये म्हटलं तर येत नाही." खाली गेलो तर यल्लप्पा. सिद्रामअण्णांचा हा पुतण्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला आहे. केसांत सुताचा पांढरा भुगा तसाच, आणि सायकलचं हँडल काही सोडेना. म्हणाला, "अण्णा गेले. पहाटं." आणि मग, "ज्वारी उभी हाय अजून..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वेड्यासारखं विचारलं, "चहा घेतोस का?"

लिंगायत रीतीप्रमाणे अण्णांना त्यांच्याच शेताच्या कोपऱ्यात मातीत ठेवलं. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाची माळ, मांडी घालून बसलेले. जणू आता उठून मलाच विचारतील, "काय सायेब, एवढ्या उन्हाचं?" लोक मूठ मूठ माती टाकत होते. माझी पाळी आली, मी वाकलो, खड्ड्याच्या कडेची माती हातात घेतली आणि, खरं सांगतो, आधी ती बोटांत चुरून पाहिली. ओलसर, रवाळ, आणि तिच्यात एक लालसर गांडूळ वळवळत होतं. माणूस खाली बसलेला, बायका रडताहेत आणि मी माती तपासतोय! स्वतःचीच लाज वाटली. पण अण्णांनी बघितलं असतं तर खूश झाले असते, हेही तितकंच खरं.

सिद्रामअण्णा कोणी नामांकित शास्त्रज्ञ नव्हते. चौथीपर्यंत शिकलेले, घरी मराठी-कानडी दोन्ही बोलणारे कोरडवाहू शेतकरी. त्यांचं नाव आजवर कोणत्याही वर्तमानपत्रात आलेलं नाही. आज पहिल्यांदा येतंय, आणि तेही लिहितोय मी, ज्याला ते लिहायचा अधिकार सगळ्यांत कमी आहे. कारण अण्णांनी आयुष्याची पंधरा-सोळा वर्षं घालून जिवंत मातीत तगणारं ज्वारीचं एक बी घडवलं, आणि एक अहवाल लिहून ते बाद केलं, ते मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची स्तुती वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमची ओळख सत्तर सालच्या सुगीतली. मी तेव्हा शेतकी पदवी घेऊन कोरडवाहू संशोधन केंद्रावर नवा नवा लागलो होतो. आमचं घर शहरातल्या पूर्व भागात, घरात तेलुगू, अंगणात हातमाग. वडिलांनी जन्मात कधी नांगर धरला नाही, मी शेती पाहिली ती कॉलेजच्या पुस्तकात. मोठ्या साहेबांनी पाहणीसाठी गावं वाटून दिली, त्यात अण्णांचं गाव माझ्याकडे आलं. अक्कलकोटच्या रस्त्यानं शहर संपलं की पुढं सायकलवर तासभर. पोचलो तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. आपल्याकडची रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. दोन्ही हातांनी ज्वारीचं उभं ताट धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळासकट वर आलं की पायावर आपटून माती झाडायची आणि ओळीत टाकायचं. बायकांच्या हाताला हे इतकं बसलेलं असतं की गप्पांत खंड पडत नाही.

पण या शेतात कुणी माती झाडत नव्हतं. ताटं मातीसकट ओळीत निजवलेली, मुळं सगळी बांधाकडे. आणि एक उंच, काटकुळा माणूस डोक्याचा पटका सोडून कमरेला बांधून, ओणवा होत होत त्या ओळीवरून चाललेला. एकेका मुळाशी नाक नेतोय. मागून बायका खिजवताहेत, "अण्णा, औंदा ज्वारी खायाची का माती?" आणि हा ओरडतोय, "दम काढा की गं जरा! मी बघूस्तवर झाडू नगासा!"

मी पुढं होऊन नाव सांगितलं, केंद्राचं सांगितलं, आणि शहाणपणा केला, "अहो, बी निवडायचं तर कणीस बघायचं. तुम्ही उलट्या टोकाला काय बघताय?"

"कणीस समद्यांना दिसतंय की, सायेब," अण्णा म्हणाले. "त्याला मी कशाला पायजे?" मग त्यांनी दोन ताटं उचलून माझ्यापुढं धरली. एकाची मुळं धुतल्यासारखी उघडी. दुसऱ्याच्या प्रत्येक मुळीवर मातीचं बारीक कणाकणाचं अस्तर, मांडीवर दोनदा आपटलं तरी न सुटणारं. "ह्यानं मातीला धरलंय आनि मातीनं ह्याला. मातीत जे बारीक बारीक जित्राब ऱ्हातंय, त्याला हे ताट खाऊ घालतंय, आनि ते जित्राब ह्याला. आता बोला, कणीस कुनाचं घिऊ?" मी ती मुळी बोटांत धरली. आमच्या घरी ताण्याला खळ लावली की सूत असंच लागतं हाताला, जाडसर आणि चिवट. तसं मी बोलून गेलो, तर अण्णा खदाखदा हसले. तेव्हापासून मी त्यांचा 'मागवाले सायेब' झालो, तो शेवटपर्यंत.

त्यांची पद्धत ऐकायला सोपी होती. दर सुगीला ज्या ताटाच्या मुळानं माती घट्ट धरली, त्याचंच कणीस बियाण्याला ठेवायचं, कणीस मध्यम असलं तरी. भरदार कणसाचं पण उघड्या मुळांचं ताट खायच्या ढिगात. पुढच्या हस्तात तेच बी पुन्हा त्याच मातीत. आणि माती कशी? मेंढपाळाला बोलावून शेतात मेंढ्या बसवायच्या, शेणखत कुजवून घालायचं, पालापाचोळा जाळायचा नाही. कडबा तोडून घेतल्यावर उरलेली मुळाकडची धसकटंसुद्धा वेचून परत शेतात. यावरून गौरव्वांशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, दरवर्षी भांडण ठरलेलं. कारण धसकट म्हणजे आपल्याकडचं हक्काचं जळण. मी ओट्यावर बसलेलो असताना आतून आवाज यायचा, "मातीला समदं चारा! चूल काय माज्या हाडानं पेटवू व्हय?" अण्णा हळूच उठून गावाबाहेरच्या वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून आणायचे, हाताला काटे टोचून घ्यायचे, पण धसकटाला हात लावू द्यायचे नाहीत. फार भरून आलं की त्यांच्या तोंडी कानडी यायची. मातीचं ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "मण्णिग जीव ऐत्री, सायेब." मातीला जीव आहे हो. त्या वाक्याचं मराठी त्यांनी कधी केलं नाही, मला कळतंय हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

आमच्या पुस्तकात बी सुधारायचं म्हणजे आधी जमीन सरळ करायची. खत मोजून द्यायचं, कीड मारायची, आणि मग बघायचं कोणतं वाण किती देतं. अण्णांचं म्हणणं उलटं. म्हणायचे, "लाडात वाढवलेलं बी हुंड्याला चांगलं, नांदायला न्हाय." मी वाद घालायचो. कॉलेजात शिकलेलं सगळं त्यांच्यापुढं ओतायचो, आणि ते हुरड्याची परात माझ्याकडे सरकवून ऐकत राहायचे. ऐकणं हाही त्या माणसाचा एक मोठेपणा होता. चुकणाऱ्या माणसाचं बोलणंही ते शेवटपर्यंत ऐकायचे.

मग बहात्तर आलं. त्या वर्षाबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगावं... रेशनवर परदेशची लाल ज्वारी, आणि माणसं खडी फोडायला. शिवारात ताटं गुडघ्याएवढी होऊन जागीच वाळली, उरलीसुरली खडखड्या रोगानं आडवी झाली. अण्णांच्या शेतातही पीक आलं असं कोण म्हणेल? पण त्यांच्या पाच-सहा ओळी उभ्या होत्या. निम्मी कणसं पोचट, निम्म्यांत दाणा. मी त्या ओळींत खुरप्यानं खणलं, तर वितीखाली गार लागलं. बांधापलीकडे भाऊबंदाच्या रानात तेवढ्याच खोलीवर नुसता फुफाटा. त्या वर्षी पदरात पडली ती अडीच पायली ज्वारी. घरात खाणारी सात तोंडं, तरी गौरव्वांनी ती उतरंडीच्या तळाच्या मडक्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून बंद केली आणि वर लाल ज्वारीच्या भाकरी थापल्या. जी बाई धसकटासाठी भांडायची, तिनं त्या मडक्याला कुणाला शिवू दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता एवढी वरसं त्यांच्या येडेपनात माजं बी जळान गेलंय की."

त्या पाच-सहा ओळी पाहून मी मोठ्या साहेबांच्या मागं लागलो. या बियाला केंद्रावर चाचणीत घ्या म्हणून. दोन वर्षांनी त्यांनी होकार दिला. मी हवेतच होतो. अण्णांकडे जाऊन बी मागितलं, तर त्यांनी एक शब्द न विचारता कणसं हातानं चोळून, पाखडून, दाणा दाणा निवडून स्वच्छ फडक्यात बांधून दिलं. पेरणीच्या दिवशी स्वतः केंद्रावर आले, धुवट धोतर नेसून, लग्नाला आल्यासारखे. बारा वाणांचे बारा तुकडे आखलेले. अण्णांनी खाली बसून माती उचलली, हुंगली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सायेब, हितं काय टाकलंय?"

"बीएचसी पावडर. हुमणी, वाळवी लागू नये म्हणून. गेली चार-पाच वर्षं सगळ्याच तुकड्यांना देतो."

"हितं एक गांडूळ न्हाय."

"अण्णा, चाचणी म्हणजे सगळ्यांना सारखी माती. नियम आहे तो. नाहीतर एकावर अन्याय होतो."

"कोंबडी आनि बदक एकाच हौदात सोडा मग. पानी सारखंच हाय की!"

मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या तुकड्यापुरती तरी पावडर नको, शेणखताचा वेगळा तुकडा करू, एवढं मला सहज म्हणता आलं असतं. साहेब फार तर चिडले असते. पण माझी नोकरी कायम व्हायचा कागद त्याच महिन्यात वर गेला होता, आणि मला तेव्हा चिडलेले साहेब परवडणारे नव्हते. पावडर टाकायची यादी माझ्या हातची होती. त्या वर्षीसुद्धा मीच गडी बोलावून ती टाकून घेतली होती.

अण्णांचं बी बारावं आलं. बारापैकी बारावं! खतावर पोसलेली वाणं डोक्याइतकी वाढली, आणि हे बिचारं पिवळं पडून, कुणाचा तरी शोध घेतल्यासारखं उभं राहिलं. काढणीला मी त्याची मुळं पाहिली. उघडी. धुतल्यासारखी उघडी... ज्या ताटांनी पंधरा वर्षं मातीला धरायला शिकून घेतलं होतं, त्यांना धरायला तिथं काही नव्हतं. मला हे कळलं, त्याच क्षणी कळलं. आणि मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. पेरणीची तारीख, पाऊस, खत, रोपांची संख्या, उत्पन्न. शेवटी, 'शिफारस करण्यायोग्य नाही.' खाली सही.

तो अहवाल मी स्वतः नेऊन अण्णांना दिला, एवढीच त्यातली माझी बहादुरी. ओट्यावर बसून त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळा वाचला. मला वाटलं आता फाडतील, शिव्या देतील. मला शिव्याच हव्या होत्या. ते म्हणाले, "खोटं कायबी न्हाय ह्यात."

मग त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"पन मातीचं कुटं लिवलंय? ती जिती हुती का मेलेली?"

"तसा रकाना नसतो अण्णा, त्या फॉर्मात."

"मग पाडा की एक रकाना," ते म्हणाले. अगदी साधेपणानं, जणू पट्टी आणि पेन्सिल घेतली की झालं काम. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मी रकाना पाडला नाही, आणि केंद्रातून ते बी बाद झालं ते झालंच.

दुसरा कुणी असता तर माझं तोंड पाहिलं नसतं. अण्णांनी पौषात हुरड्याचं बोलावणं एकदाही चुकवलं नाही. मागल्या वर्षी नवी पेठेत अचानक गाठ पडली, गौरव्वांना घेऊन यल्लप्पाच्या लग्नाच्या कापडखरेदीला आले होते. गर्दीत मला हाताला धरून दुकानात ओढत नेलं आणि गादीवरच्या शेटजींना म्हणाले, "हे आमचे मागवाले सायेब. लई शिकलेले. कापड ह्यांना इचारून दावा, सूत वळखत्यात!" मी कानापर्यंत लाल झालो. शेटजी हसले, गौरव्वा मात्र हसल्या नाहीत. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी नजर लुगड्यांच्या थप्पीकडे वळवली. अण्णा ते विसरून मला माफ करू शकत होते, ती बाई काही विसरली नव्हती. आणि तिचंच बरोबर होतं.

अण्णांना जाऊन तीन आठवडे झाले आणि यल्लप्पाचा निरोप आला, उपटणी सुरू होतेय. मी रजा टाकून गेलो. बायका नेहमीसारख्या ओळीत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं, तरी माती कुणी झाडत नव्हतं. मातीसकट ताटं निजवलेली, मुळं बांधाकडे. त्या ओळीवरून ओणव्या होत निघाल्या होत्या गौरव्वा. थांबायच्या, मुळी चोळायच्या, मोजकी ताटं उजवीकडे, बाकीची डावीकडे. हात अजिबात अडखळत नव्हता. इतकी वर्षं मी ओट्यावर बसून अण्णांचं ऐकत होतो, आणि आत चुलीपुढं कोण ऐकतंय याचा मला पत्ताच नव्हता.

दुपारी भाकरी सोडली तेव्हा मी धीर करून बोललो. "गौरव्वा, तो अहवाल मी लिहिला होता. पावडरही मीच टाकायला लावली होती."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना बी ठावं हुतं."

"मला थोडं बी द्या. पुन्हा पेरतो केंद्रावर. या खेपेला नीट पेरतो."

त्यांनी हातातली भाकरी संपवली, हात धुतले. मग म्हणाल्या, "येताना तितलं एक ढेकूळ घिऊन या. जिथं पेरनार हाय तितलं."

पुढच्या रविवारी मी केंद्राच्या चाचणीच्या तुकड्यातलं सुकं ढेकूळ रुमालात बांधून नेलं. गौरव्वांनी आतून पितळी आणली, खोलगट, पाण्यानं भरलेली, आणि ओट्यावर ठेवली. आधी आपल्या शेतातलं ढेकूळ सोडलं. ते पाणी प्यायलं, दोन-चार बुडबुडे आले आणि जसंच्या तसं बसून राहिलं. पाणी नितळ. मग ते काढून माझं सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते फुटलं, पसरलं, आणि पितळीत नुसता गढूळ चिखल झाला.

"बी मागाया जो कोन आला, त्याला ते हेच करायला लावायचे," त्या म्हणाल्या. "सख्ख्या भावाला दोनदा माघारी लावलं. एकट्या तुमालाच न्हाय लावलं. मी म्हनलं बी, सायेबाची माती बगा की. तर म्हनले, त्यांच्याकडं काय बगायचं, ते आपलेच हायती."

नोकरी कायम झाली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते, ते सगळे एकदम आठवले.

"मग आता?" मी विचारलं.

"आता न्हाय मिळायचं," गौरव्वा उठत म्हणाल्या. "मेंढरं बसवा, शेन घाला, ती पावडर बंद करा. माती जिती करता येतीया, सायेब, मानसागत न्हाय तिचं. जिती झाली की या." आणि आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी ती जुनी फाईल काढली. अहवालाच्या पानावर पट्टी ठेवून शाईनं एक रकाना आखला. वर लिहिलं, 'मातीची स्थिती'. खाली लिहिलं, 'मृत. पावडर टाकण्याचा आदेश माझा.' आणि पुन्हा सही केली. मोठ्या साहेबांनी बोलावून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. पण केंद्राच्या आवाराच्या टोकाचा एक तुकडा दिला, दहा गुंठ्यांचा. गेल्या आठवड्यात तिथं मेंढ्या बसल्या. सहकारी विचारतात, इथं काय पेरणार? मी म्हणतो, अण्णांचं बी. कधी? ते काही मला सांगता येत नाही.

नवी पितळी आणून मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. काल पहिल्यांदा त्या तुकड्यातलं ढेकूळ तिच्यात सोडलं. विरघळलं. पुढच्या माघात पुन्हा सोडीन.